पाडव्याला एकदा, दसऱ्याला एकदा : घरच्या जनरेटरचं ऑइल कोणतं घ्यायचं, कधी आणि कसं बदलायचं?

मूर्तिजापूर : उन्हाळ्याच्या शेवटी वादळी वारा सुटतो, कुठंतरी तारेवर बाभळीची फांदी पडते आणि गावाची लाइन जाते. मग कोपऱ्यात ताडपत्रीखाली झाकून ठेवलेला जनरेटर बाहेर निघतो. पेट्रोल टाकलं, चोक ओढला, चार वेळा दोरी ओढली की सुरूही होतो. सगळे निश्चिंत होतात. पण दहा-पंधरा मिनिटांत तो आपोआप बंद पडतो आणि नंतर कितीही दोरी ओढली तरी दाद देत नाही.

अशा वेळी प्लग बदलला जातो, कार्बोरेटर खोलला जातो, पेट्रोलला दोष दिला जातो. ऑइलची पट्टी मात्र कोणी काढून बघत नाही. पुष्कळदा दुखणं तिथंच असतं.

मूर्तिजापूर तालुक्यात आणि शेजारच्या दर्यापूर, कारंजा भागात घरगुती जनरेटर आता फक्त लग्नमंडपात दिसत नाही. मेडिकलचा फ्रिज, झेरॉक्सचं दुकान, ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र, गणपती-दुर्गादेवीचं मंडळ, सप्ताह, शेतातलं वेल्डिंग अशा सगळीकडे तो लागतो. ट्रॅक्टरचं ऑइल वेळेवर बदलणारा शेतकरीही जनरेटरच्या बाबतीत म्हणतो, "चालू आहे नं, मंग कायले खोलता?" जनरेटरला किलोमीटरचा काटा नाही, सर्व्हिसिंगचा मेसेज येत नाही, म्हणून हे काम राहून जातं. ऑइलचा खर्च काही शेकडा रुपयांचा असतो. ते न बदलल्याने इंजिन बसलं तर पिस्टन, रिंगा, कनेक्टिंग रॉड मिळून हजारोंचा खर्च येतो, आणि कधी कधी नवा जनरेटर घेणंच स्वस्त पडतं.

एवढंसं इंजिन, एवढीशी ऑइलची टाकी

जनरेटरच्या इंजिनाला ऑइल लवकर का बदलावं लागतं, हे आधी समजून घेऊ.

साधा पेट्रोल जनरेटर चालतो तेव्हा त्याचं इंजिन मिनिटाला साधारण ३००० फेऱ्या मारतं. आपल्या विजेची ५० हर्ट्झ वारंवारता सांभाळायला तेवढी गती लागते. म्हणजे तासाला १ लाख ८० हजार फेऱ्या आणि १०० तासांत १ कोटी ८० लाख फेऱ्या. मोटारसायकलशी तुलना केली तर ताशी ४० किलोमीटरने १०० तास म्हणजे ४००० किलोमीटर. एवढं फिरल्यावर गाडीच्या ऑइलचा विचार आपण करतोच.

त्यात गाडीला वारा लागतो. जनरेटर एका जागी उभा असतो, स्वतःच्या पंख्याच्या हवेवर थंड होतो. शिवाय या छोट्या इंजिनांत बहुतेक वेळा ऑइल फिल्टर नसतो आणि ऑइल पंपही नसतो. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला चमच्यासारखा एक भाग असतो. तो खालच्या ऑइलमध्ये बुडतो आणि फिरताना ऑइल वर उडवतो. त्या उडालेल्या ऑइलवरच पिस्टन, क्रँक, बेअरिंग सगळ्यांचं भागतं.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, ऑइल कमी झालं की चमचा कोरडा फिरतो. दुसरी, जनरेटर तिरपा ठेवला तर ऑइल एका बाजूला जातं आणि पुरेसं असूनही वर उडत नाही. तिसरी, फिल्टर नसल्याने धातूचा चुरा, काजळी, धूळ सगळं त्याच ऑइलमध्ये फिरत राहतं. ते बाहेर काढायचा एकच मार्ग आहे, ऑइल बदलणं.

आपोआप बंद होतो तो सेन्सर

बऱ्याच जनरेटरमध्ये ऑइल कमी झालं की इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. पातळी खाली गेली की तो ठिणगी तोडतो. मग टाकीत पेट्रोल असलं आणि प्लग नवा असला तरी इंजिन सुरू होत नाही. वर सांगितलेला 'दहा मिनिटांत बंद' हा प्रकार बऱ्याच वेळा हाच असतो. जनरेटर उतारावर किंवा ढेकळांवर ठेवला तरी सेन्सर असाच बंद करतो. म्हणून आधी सपाट जागा बघा, मग पट्टी बघा, प्लगला हात त्यानंतर लावा.

काही जण वैतागून सेन्सरची वायरच काढून टाकतात. जनरेटर सुरू होतो खरा, पण ऑइल संपलं तर आता त्याला थांबवणारं कोणी उरत नाही. तो इंजिन जाम होईपर्यंत चालतो. ही वायर काढू नका आणि मिस्त्रीलाही काढू देऊ नका.

आधी ओळखा, आपलं इंजिन कोणतं

ऑइल घ्यायला दुकानात जाण्याआधी इंजिनाचा प्रकार बघा.

फोर-स्ट्रोक पेट्रोल : आज घरोघरी असलेले बहुतेक पेट्रोल जनरेटर याच प्रकारचे. इंजिनाच्या खालच्या अंगाला ऑइल भरायचं वेगळं झाकण असतं आणि बहुधा त्यालाच पट्टी असते. या लेखातली माहिती मुख्यतः याच प्रकारासाठी आहे.

टू-स्ट्रोक पेट्रोल : काही जुने आणि हलके, हातात उचलून नेता येणारे जनरेटर. यांना ऑइलची वेगळी टाकी नसते. २टी ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. प्रमाण पुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणावर दिलेलं असतं. यात नुसतं पेट्रोल टाकून चालवलं तर इंजिन लवकरच सीझ होतं. उलट फोर-स्ट्रोक जनरेटरच्या पेट्रोलमध्ये २टी ऑइल मिसळायची काहीच गरज नसते.

डिझेल : यांना डिझेल इंजिनाचंच ऑइल लागतं. ग्रेड पुस्तिकेप्रमाणे घ्या.

जुना रॉकेल जनरेटर : पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालणारा जनरेटर अजूनही काही घरांत आहे. न जळलेलं रॉकेल रिंगांमधून खाली उतरतं आणि ऑइल पातळ करतं. म्हणून त्याचं ऑइल पेट्रोल जनरेटरपेक्षा लवकर तपासा आणि लवकर बदला.

डब्यावरचे आकडे काय सांगतात

ऑइलच्या डब्यावर १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-४०, १५डब्ल्यू-४० असे आकडे असतात. यातलं 'डब्ल्यू' हे हिवाळ्यासाठीच्या इंग्रजी शब्दाचं पहिलं अक्षर. पहिला आकडा ऑइल थंडीत किती वाहतं ते सांगतो. तो जितका लहान, तितकं थंड इंजिनात ऑइल पटकन पोहोचतं. दुसरा आकडा इंजिन तापल्यावर ऑइल किती घट्ट राहतं ते सांगतो. तो जितका मोठा, तितका तापलेल्या ऑइलचा थर जाड. नुसतं 'एसएई ३०' लिहिलेलं असेल तर ते एकाच ग्रेडचं ऑइल असतं.

घरगुती फोर-स्ट्रोक जनरेटरच्या पुस्तिकेत बहुतेक वेळा सर्वसाधारण वापरासाठी १०डब्ल्यू-३० सांगितलेलं असतं. सोबत हवामानाप्रमाणे चालणाऱ्या ग्रेडचा तक्ताही असतो. हा तक्ता आपल्या भागात नीट बघायला हवा, कारण अकोला जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास आणि कधी त्याच्याही पुढे जातो. अशा उन्हात १०डब्ल्यू-३० ऑइल थोडं जास्त खपू शकतं, म्हणून काही इंजिन कंपन्या उष्ण हवेसाठी एसएई ३० सुचवतात. तुमच्या पुस्तिकेत उन्हाळ्यासाठी एसएई ३० किंवा २०डब्ल्यू-४० चालतं असं असेल तर पाडव्याला ते भरायला हरकत नाही. पुस्तिकेत फक्त १०डब्ल्यू-३० असेल तर तेच भरा आणि उन्हाळ्यात पट्टी जास्त वेळा बघा. 'जाड ऑइल म्हणजे चांगलं ऑइल' हा समज चुकीचा आहे. गरजेपेक्षा जाड ऑइल छोट्या चमच्याने नीट उडत नाही.

दुसरी खूण 'एपीआय'ची. पेट्रोल इंजिनाच्या ऑइलवर एसजे, एसएल, एसएम, एसएन अशी अक्षरं असतात. पहिलं 'एस' पेट्रोल इंजिनाचं. पुढचं अक्षर वर्णमालेत जितकं पुढचं, तितका दर्जा नवा. एसजे किंवा त्याच्या पुढचं असलं की आपलं काम भागतं.

खेड्यात 'जनरेटरचं ऑइल द्या' म्हटलं तर दुकानदार गोंधळतो. अशा वेळी एक सोपा उपाय आहे. बिनगिअरच्या स्कूटरसाठी १०डब्ल्यू-३० ग्रेडचं फोर-स्ट्रोक ऑइल जवळपास प्रत्येक स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं. त्यावर 'एमबी' असं लिहिलेलं असतं. मोटारसायकलच्या ऑइलवर 'एमए' असतं, कारण तिथं क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो. जनरेटरला असा क्लच नसतो, म्हणून ग्रेड आणि एपीआय दर्जा जुळत असेल तर दोन्ही चालतात.

काय टाकू नये, तेही सांगितलं पाहिजे. घरात ट्रॅक्टरच्या ऑइलची बादली असते म्हणून त्यातलंच ओतण्याचा मोह होतो. त्यातलं गिअर, हायड्रॉलिक किंवा ऑइल-ब्रेकचं ऑइल जनरेटरमध्ये कधीही टाकू नका. ट्रॅक्टरचं इंजिन ऑइल डिझेलसाठी बनवलेलं असतं, ते कायमचं वापरायचं नाही. सुटं, बिनलेबलचं ऑइल स्वस्त पडतं, पण ते गाळलेलं जुनं ऑइल आहे की काय हे ओळखायचा घरी कोणताही मार्ग नाही. सील असलेला, तारीख आणि बॅच नंबर छापलेला डबाच घ्या.

किती तासांनी? आणि किती महिन्यांनी?

जनरेटर नवा असेल तर पहिलं ऑइल लवकर बदलायचं असतं, साधारण २० तास किंवा एक महिना यातलं जे आधी होईल तेव्हा. नव्या इंजिनाचे भाग एकमेकांवर बसताना बारीक धातू झिजून ऑइलमध्ये उतरतो. त्यानंतर १०० तास किंवा सहा महिने, यातलं जे आधी येईल ते. अनेक घरगुती जनरेटरच्या पुस्तिकांत हाच हिशोब असतो. तुमच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

आपल्याकडे गल्लत होते ती 'सहा महिने' या भागात. "वर्षात वीस तासही चालला नाही, मग कशाला बदलायचं?" असं वाटतं. पण कमी चाललेल्या जनरेटरचंच ऑइल लवकर बिघडू शकतं. पाच-दहा मिनिटं चालवून बंद केलेलं इंजिन पूर्ण तापत नाही. आत जमलेला ओलावा आणि थोडं पेट्रोल ऑइलमध्येच राहतं. पावसाळ्यात हे आणखी वाढतं. असं ऑइल महिनोन् महिने आत राहिलं की इंजिनाला आतून गंज लागतो.

तारीख लक्षात राहत नाही, म्हणून सणाशी जोडा. गुढीपाडवा ते दसरा हे अंतर साधारण सहा महिन्यांचं आहे. पाडव्याला ऑइल बदललं की उन्हाळा आणि वादळाचे दिवस निभतात. खांडेनवमी-दसऱ्याला आपण अवजारांची, यंत्रांची पूजा करतोच. जनरेटरला हार घालण्याआधी त्याचं ऑइल बदला, म्हणजे पावसाळ्यातला ओलावा बाहेर निघेल.

तास मोजण्यासाठी जनरेटरजवळच्या भिंतीवर खडूने किंवा दोरीला बांधलेल्या वहीत तारीख आणि किती वेळ चालला ते लिहा. गणपतीत मंडळाने रोज सहा तास याप्रमाणे दहा दिवस चालवला तर ६० तास तिथंच झाले. भाड्याने फिरणाऱ्या जनरेटरचे १०० तास एका लग्नसराईत भरतात. त्याला सणाची वाट बघून चालणार नाही.

ऑइल बदलायची पद्धत

काम अर्ध्या तासाचं आहे. लागतं काय तर योग्य मापाचा पाना, पसरट डबा, नरसाळं, स्वच्छ सुती फडकं आणि नवं ऑइल.

१. जनरेटर मोकळ्या हवेत, सपाट जागी ठेवा. पाच मिनिटं चालवा. कोमट ऑइल पटकन वाहतं आणि गाळ घेऊन बाहेर येतं.

२. बंद करा. पेट्रोलचा कॉक बंद करा. प्लगची टोपी काढून बाजूला ठेवा, म्हणजे चुकून इंजिन सुरू होणार नाही. सायलेन्सर तापलेला असतो, हात सांभाळा.

३. ऑइलच्या झाकणाभोवतीची धूळ आधी पुसा. आपली काळ्या मातीची बारीक धूळ आणि कापसाचं तूस आत गेलं तर नव्या ऑइलचा उपयोग उरत नाही.

४. झाकण काढा, खाली डबा ठेवा आणि खालचा ड्रेन बोल्ट सोडवा. ऑइल निथळू द्या. शेवटी जनरेटर बोल्टच्या बाजूला थोडा कलवा. काही छोट्या मॉडेलना ड्रेन बोल्टच नसतो. त्यात झाकणाच्या तोंडातूनच कलवून ऑइल काढायचं असतं.

५. बोल्टचा वॉशर बघा. चपटा झाला किंवा चिरला असेल तर नवा टाका. बोल्ट हाताने बसवून मग पान्याने आवळा. फार जोर लावू नका, अॅल्युमिनियमचे आटे लगेच जातात.

६. नरसाळ्याने ऑइल थोडं थोडं भरा. २ ते ३ केव्हीएच्या अनेक जनरेटरना साधारण ६०० मिलिलिटर लागतं, छोट्या सुटकेस जनरेटरना ४०० मिलिलिटरच्या आसपास, ५ केव्हीएच्या पुढच्यांना १ लिटरच्या थोडं वर. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. एक लिटरचा डबा आहे म्हणून सगळाच ओतू नका.

७. पातळी बघा. बऱ्याच इंजिनांत पट्टी पुसून नुसती आत टेकवायची असते, आटे फिरवून आवळायची नसते. आवळून बघितली तर पातळी असते त्यापेक्षा जास्त दिसते. पुस्तिकेत चित्र असतं, ते बघा.

८. झाकण आणि प्लगची टोपी लावा, कॉक सुरू करा, जनरेटर एक-दोन मिनिटं चालवा. बंद करून थोडं थांबा आणि पुन्हा पातळी बघा. बोल्टजवळ गळती नाही ना, तेही बघा.

ऑइल जास्त भरणं हीसुद्धा चूक आहे. त्याला फेस येतो, ते हवेच्या नळीतून एअर फिल्टरमध्ये जातं आणि धूर सुटतो. जास्त झालं असेल तर काढून टाका. ऑइल बदलताना एअर फिल्टरचा स्पंजही साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. पुस्तिकेत सांगितलं असेल तर स्वच्छ ऑइलचे दोन-चार थेंब लावून पिळून बसवा. ऑइलमध्ये येणारी धूळ याच वाटेने येते.

निघालेलं ऑइल काय सांगतं

काळं झालं म्हणजे ऑइल वाया गेलं, असं नाही. ऑइल आतली काजळी धुऊन स्वतःत घेतं, म्हणून काळं होतं. रंगावर जाऊ नका, तास आणि तारीख बघा. या खुणा मात्र गंभीर आहेत :

• दुधाळ, चहासारखं ऑइल : आत पाणी गेलं आहे. ऑइल बदला आणि थोड्या तासांनी पुन्हा तपासा.

• पेट्रोलचा वास आणि पातळी वाढलेली : कार्बोरेटरमधून पेट्रोल खाली उतरतं आहे. चालवू नका, आधी कार्बोरेटर दाखवा. ठेवताना पेट्रोलचा कॉक नेहमी बंद ठेवा.

• चमकणारे धातूचे कण : पहिल्या बदलाच्या वेळी थोडे असू शकतात. नंतर दिसले तर मिस्त्रीकडे न्या.

• दर वेळी ऑइल कमी आणि निळसर धूर : रिंगा झिजल्या आहेत. नुसतं ऑइल टाकत राहण्यापेक्षा वेळेवर काम करून घ्या.

जळकं ऑइल नालीत टाकू नका

निघालेलं काळं ऑइल आपल्याकडे उकिरड्यावर, नालीत किंवा विहिरीजवळ ओतलं जातं. मूर्तिजापूर तालुक्याचा मोठा भाग खारपाणपट्ट्यात येतो. इथं जमिनीखालचं पाणी आधीच खारट आहे, गोड पाण्याची मारामार आहे. त्यात ऑइल उतरलं तर असलेला स्रोतही जातो. वापरलेल्या ऑइलमध्ये धातूचे कण आणि जळालेली घातक द्रव्यं असतात. म्हणूनच केंद्र सरकारच्या २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेल्या ऑइलचा समावेश आहे.

ते झाकणाच्या जुन्या ऑइलच्या डब्यात भरा, वर 'जळकं ऑइल' असं लिहा आणि पुढच्या वेळी गावात जाताना गॅरेजवर द्या. गॅरेजवाल्यांकडे ते जमा होतं आणि पुढे शुद्धीकरणाला जातं. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही ठेवू नका, लहान मुलं फसतात. जनावरांच्या जखमेवर लावायची जुनी सवयही सोडा, जखम बरी व्हायऐवजी चिघळते. ज्या तालुक्यातल्या दापुऱ्यात गाडगेबाबांचं लहानपण गेलं, तिथं एवढी स्वच्छता आपण पाळायलाच हवी.

चालवताना दोन गोष्टी जीवाच्या

जनरेटर खोलीत, बंद ओसरीत, गोठ्यात किंवा दुकानाच्या मागच्या खोलीत चालवू नका. खिडकी उघडी असली तरीही नाही. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो आणि झोपेतला माणूस उठतच नाही. घरापासून निदान २० फूट दूर, धूर दारा-खिडकीकडे जाणार नाही असा ठेवा.

दुसरं, दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनरेटरची वीज घराच्या सॉकेटमध्ये देऊ नका. ती वीज उलटी मेन लाइनवर जाते, ट्रान्सफॉर्मरमधून तिचा दाब हजारो व्होल्टपर्यंत चढतो आणि लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव जातो. वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या.

थोडक्यात लक्षात ठेवा

• सुरू करण्याआधी दर वेळी सपाट जागी ऑइलची पट्टी बघा.

• नव्या जनरेटरचं पहिलं ऑइल २० तास किंवा एक महिन्याने, नंतर १०० तास किंवा सहा महिन्यांनी.

• ग्रेड पुस्तिकेप्रमाणे, एसजे किंवा पुढचा दर्जा, सीलबंद डबा.

• ऑइल सेन्सरची वायर काढू नका.

• जळकं ऑइल गॅरेजवर द्या.

घरी जनरेटर असेल तर आजच पाच मिनिटं काढा. ताडपत्री बाजूला करा, झाकणाभोवतीची धूळ पुसा आणि पट्टी काढून बघा. शेवटचं ऑइल कधी बदललं होतं हे घरात कोणालाच आठवत नसेल, तर पाडव्याची किंवा दसऱ्याची वाट बघू नका, आधी ते बदलून घ्या.